सोनकीचे आसन

एका राज्यात वाऱ्यालाही दम खायला कपारी होत्या, पण राजाला टेकायला जागा नव्हती. त्याचे असे झाले.

राजा अरिंजयाने काळ्या कड्याचा माथा फोडून सिंहासन घडवले. त्या माथ्यावर सोनकी फुलत असे, चिमूटभर मातीवर सुखी असलेली पिवळीधमक सोनकी. ती उपटून दरीत फेकली. कड्यावरची चेटकीण खडकाई दरबारात आली आणि म्हणाली, "राजा, तू माझ्या सोनकीला उठवलेस. तुझ्या पायांना भिंगरी लागो."

राजा चालू लागला. जेवला चालत, निजला चालत. न्यायही चालताचालता केला, फिर्यादी मागे धापा टाकत. हौसेला मोल असते म्हणत त्याने तेही सोसले. पण त्याच्या लेकीने, कुंतलेने, पहिले पाऊल टाकले आणि ती थांबेना. इवले पाय सुजले, डोळे झोपेने मिटू लागले, तरी पोर चालतच राहिली. राजाच्या काळजाचे पाणी झाले. तो खडकाईच्या पाया पडायला गेला, तेही चालताचालता.

खडकाई म्हणाली, "सोनकीचे बी आण. ते रुजव. मग ती जिथली, तिथे नेऊन ठेव."

बी रुईच्या म्हाताऱ्यांसारखे वाऱ्यावर उडणारे. राजा जितका धावे तितके ते पुढे पळे. कड्यावरच्या पाकोळीला त्याची दया आली, कारण ती स्वतःही कधी टेकत नसे. तिने चोचीतून बी आणून दिले.

राजाने सोन्याची कुंडी, मळ्याची माती, दुधाचे शिंपण असा थाट केला. बी कुजले. दुसरेही कुजले. तिसरे देताना पाकोळी म्हणाली, "महाराज, लाड पुरे. तिला खडकाची भेग लागते." राजाने ते सिंहासनाच्या भेगेत घातले. दहिवर पडले आणि दोन पाने वर आली.

प्रधान म्हणाला, सोनकीला दुसरा एखादा खडक शोधू, सिंहासनाशिवाय राजा कसला? राजाने सिंहासन पाठीला बांधले आणि कडा चढू लागला. चालणे तेवढे त्याला येत होते. मागे कुंतला.

सिंहासन फुटक्या माथ्यात चपखल बसले. सोनकी फुलली. राजाचे पाय थांबले आणि तो होता तिथेच मातीत बसला. कुंतला झोकांड्या खात आली, त्याच्या मांडीवर कोसळली आणि झोपली.

मांडीला मुंग्या आल्या, तरी राजा हलला नाही. प्रधान धापा टाकत वर आला. दरबार खोळंबल्याचे सांगू लागला.

राजा हळूच म्हणाला, "दरबार इथेच बसेल. आवाज मात्र कुणी करायचा नाही."

तेव्हापासून त्या राज्यात सिंहासनावर सोनकी असते आणि राजा जमिनीवर. दमल्या पायांना त्याला मिळाला तसा विसावा तुम्हाआम्हालाही मिळो.