गोजराआत्याचं मडकं

सांगा बरं मंडळी, विश्वास कुणावर टाकावा? गोड बोलणाऱ्यावर, की सदा खेकसणाऱ्यावर? गोणीच्या तोंडाशी सगळ्यांचेच दाणे टपोरे असतात. हात तळापर्यंत घालावा, मग कळतं.

फार फार मागं पठारावरच्या बोरमाळात गोजराआत्या राहायची. बोरमाळचा वाटाणा म्हणजे साखर. पण गावाची एक खोड होती. वेलाची पहिली भरदार शेंग बांधावरच सोलून तोंडात टाकायची आणि शेवटची किडकी शेंग बियाण्याला ठेवायची. वेल वीतभर होतो न होतो, तोच त्याचे कोवळे शेंडे भाजीला! वाटाणा दरसाल बारीक होत चालला. आत्या बांधाबांधावरून ओरडत फिरे, "अरे मुडद्यांनो, पोरीला स्थळ बघताना सात गावं हिंडता, आणि मातीच्या पोटात किडकं घालता?" तिच्या आवाजानं शिवारातली पाखरं उडायची, असं म्हणतात. गाव आपलं शेंगा सोलत बसे.

आत्या मात्र आपल्या तुकड्यातली पहिली शेंग वेलावरच वाळू देई. दाणे राखेत घोळून मडक्यात भरी आणि झाकण शेणमातीनं लिंपी.

मग एका साली असं धुकं बसलं, की बैलाला स्वतःची शिंगं दिसेनात, असं म्हणतात. वेल पांढरे पडून जळाले. पेरायला कुणाकडं दाणा उरला नाही. सगळं गाव आत्याच्या दारी आलं, पुढं धोंडजी पाटील.

"आत्या, आता तूच आमची आई."

"काल म्हातारी चळली म्हणत होतास. आज आई?"

चडफडत तिनं झाकण फोडलं. ओंजळ ओंजळ घालत गेली. माणसं संपली, मडकं संपेना, असं म्हणतात. "पेरा! एक दाणा जरी शिजवलात तर याद राखा."

धोंडजीला मोह आवरला नाही. घरी जाऊन त्यानं उसळ टाकली. दिवसभर लाकडं जळाली, दाणा मऊ होईना. सकाळी झाकण उघडतो तर पातेल्यात हिरवेगार कोंब, आणि त्यांचे तणावे पळीला वेटोळे घालून बसलेले! पातेलं डोक्यावर घेऊन तो आत्याकडं धावला. तिनं कपाळावर हात मारला. "माझ्या वाटाण्याला कळतं ते तुला कळेना! जा, लाव आता ते."

त्यानं ते लावले. त्याच वेलांचा वाटाणा आजही तिथं पिकतो, असं म्हणतात. पहिल्या शेंगेला बोरमाळात अजून लाल दोरा बांधतात. तिला कुणी हात लावला, की सगळं शिवार ओरडतं, "मुडद्या!" देवळात आत्याचं मडकं आहे. पेरणीला त्यातून माप भरून न्यायचं, सुगीला सव्वा माप आणून घालायचं. हिशेब विचारायला तिथं कुणी बसत नाही.

तेव्हा मंडळी, तुम्हीही कधी तिथून मूठभर नेलंत, तर हिशेब चोख ठेवा. आणि परत घालाल ते दाणे पहिल्या शेंगेचे घाला, शेवटच्या नव्हे.