ओल्या भिंतीवरचे चेहरे

कोणे एके काळी, म्हणजे तुमच्या आजोबांच्या आजोबांना विचारलं तरी सांगता यायचं नाही इतक्या पूर्वी, डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं. गावाचे पंच मोठे हौशी. कोणी म्हणेल, पंचांनी बांधाची भांडणं मिटवावीत, त्यांना चित्रंबित्रं कशाला हवीत? पण ह्या पंचांचं म्हणणं असं की, गावकीच्या कणगीतलं धान्य जसं सुताराला जातं, तसंच ते गाणाऱ्याला आणि रंगवणाऱ्यालाही गेलं पाहिजे. त्यामुळे गावातले कलावंत उपाशी नव्हते. एकमेकांवर जळायला त्यांना भरपूर सवड होती.

गावाजवळ एक तळं होतं. ते खणताना दरड कोसळून काही माणसं गाडली गेली होती. त्याला एक आयुष्य उलटून गेलं होतं. त्यांचे चेहरे आठवणारा एकच माणूस आता उरला होता, गावचा म्हातारा चितारी. त्या वेळी तो बापाची भाकरी घेऊन तळ्यावर जाणारा लहान पोर होता. बापही त्या दरडीखालीच गेला.

पंचांनी तळ्याच्या काठाने लांब भिंत बांधली आणि चिताऱ्याला बोलावून घेतलं.

थोरले पंच म्हणाले, "आबा, अर्धी भिंत तुमची. ती मान्सं काढा. तुमच्यामागं त्यांना वळखनारं कुनी न्हाई."

"अर्धी?" चिताऱ्याने विचारलं. "आन् बाकीची?"

"कुंभाराच्या सुनंला. गाडग्यांवर काय सुरेख नक्षी काढती ती! तिला वाटंल ते काढू द्या."

गावात दुसरा चितारी आजवर कधी नव्हताच. म्हाताऱ्याने मान डोलावली खरी, पण घरी जाईपर्यंत त्याच्या अंगाचा तिळपापड झाला होता. अर्धी भिंत मिळाली हे तो विसरला आणि अर्धी गेली तेवढं मात्र त्याच्या पक्कं लक्षात राहिलं.

आता ही भिंत कशी रंगवत, ते ऐका. गवंडी सकाळी येऊन मुरवलेल्या चुन्याचा ओला गिलावा दोघांच्याही भागात एकेका पट्ट्यावर चढवायचा. तो वाळायच्या आत रंग भरले, तर ते चुन्यात मुरतात आणि पिढ्यान्‌पिढ्या हलत नाहीत. वाळल्यावर लावलेला रंग नुसताच वर बसतो. दुसऱ्या दिवशी दुसरा पट्टा, असं करत भिंत पुरी होणार होती. तेवढाच चुना मुरवलेला होता. पुढचा चुना मुरेपर्यंत आपल्या अधू डोळ्यांवर पुरता पडदा येऊन दिसेनासं होईल, हे चिताऱ्याला ठाऊक होतं.

पहिल्या सकाळी त्याने बापाचा चेहरा काढायला घेतला. कपाळाची रेघ ओढली, भुवया काढल्या, आणि तेवढ्यात भिंतीच्या त्या टोकाकडून बायकांचा गलका आला. "अगं बाई, कित्ती ग्वाड!"

चिताऱ्याला राहवेना. हात पुसून तो बघायला गेला. कुंभाराच्या सुनेने बाभळीला लोंबणारी सुगरणीची घरटी काढली होती. पाण्याला निघालेल्या बायका कळशा खाली ठेवून बघत होत्या. त्याच्या बाजूला मात्र काळं कुत्रंही फिरकलं नव्हतं.

"चिमण्यापाखरं काढायची!" तो पुटपुटला. "ह्यात काय अक्कल लागती?"

परत येऊन त्याने बापाच्या भुवया पुसल्या आणि तिथे पंख पसरलेला भलामोठा गरुड काढला. लोक आले, वा वा म्हणाले. त्याला फार बरं वाटलं. पण दुसऱ्या दिवशी तिने आईला ढुसण्या देणारं वासरू काढलं, आणि लोक पुन्हा तिकडे गेले. मग ह्याने हत्ती काढला. तिने लग्नाचं वऱ्हाड काढलं, तर ह्याने राजाची स्वारी काढली, घोडे, उंट, छत्रचामरं सगळं. रोज सकाळी आपल्या पट्ट्यापाशी बसण्याआधी तो तिचा पट्टा बघून यायचा. तिथे काय आहे ते कळल्याशिवाय त्याचा कुंचला हलेनासा झाला.

दुपारची भाकरी त्याला एक बाई आणून देत असे. तिचा बाप दरडीखाली गेला, तेव्हा ती आईच्या पोटात होती. आता तिचेही केस पिकले होते.

"दादा, माजा बा कवा काढशील?" ती विचारायची.

"उद्या," चितारी म्हणायचा.

असं उद्या उद्या करता करता त्याची भिंत संपली. शेवटच्या पट्ट्यावर स्वारीतला शेवटचा उंट उभा राहिला, तेव्हा कुठे तो भानावर आला. माणसं राहिली होती, सगळीच्या सगळी.

तेवढ्यात कुंभाराची सून आली. पदराने हाताचा चुना पुसत म्हणाली, "आबा, माज्याकडचा एक पट्टा मोकळा हाय. आजच लिंपलाय, अजून वला हाय. तुमची मान्सं तिथं काढा की. मला वाईच कमी पडलं तर काय बिघडत न्हाई."

चिताऱ्याच्या मनात एकदा आलं, उठावं. बापाचा चेहरा डोळ्यांपुढे स्वच्छ होता. पण मग दुसराच विचार आला. लोक म्हणतील, हिने जागा दिली म्हणून म्हाताऱ्याचं काम झालं. ती म्हणे मोठ्या मनाची! आणि मी?

"तुज्या भिंतीवर माजी मान्सं कशाला?" तो खेकसला. "तुजं तू बघ."

ती परत गेली. तिने तरी वाट बघितली. दुसरं काही न काढता तो पट्टा तसाच मोकळा ठेवला. चितारी आपल्या उंटापाशी बसून तिच्याकडे चोरून बघत राहिला, आणि उन्हाने चुना वाळत गेला.

भिंतीची पूजा झाली त्या दिवशी सारा गाव लोटला. हत्ती बघून पोरं नाचली. पिकल्या केसांची ती बाई मात्र भिंतीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत प्रत्येक स्वाराच्या तोंडाकडे निरखून बघत गेली. मग चिताऱ्यापाशी येऊन म्हणाली, "दादा, ह्यातला माजा बा कंचा?"

चिताऱ्याने तिचा हात धरला आणि तिला त्या मोकळ्या पट्ट्यापाशी नेलं. कुंचला घेऊन वाळलेल्या चुन्यावर तो चेहरा काढू लागला. रुंद कपाळ, जाड मिशा, गालावरचा तीळ. जन्मात इतका हुबेहूब चेहरा त्याने काढला नव्हता.

"हा," तो म्हणाला.

बाई कितीतरी वेळ बघत राहिली. हसली, रडली. मग न राहवून तिने बापाच्या गालावरून हात फिरवला, आणि गाल तिच्या तळव्याला लागून आला.

बाळांनो, मत्सराने दुसऱ्याचं काही कमी होत नाही. आपल्याच हातून व्हायचं ते मात्र कायमचं राहून जातं.