थांब्यावरचा उजेड

एकदा एक कंडक्टर रिटायर झाला आणि फोटो काढायला शिकायला निघाला. आता तुम्ही म्हणाल, त्यात काय विशेष? रिटायर झालेली माणसं काहीही करतात. कुणी बाग लावतं, कुणी गल्लीतल्या पोरांना अक्कल शिकवतं. पण ह्या सिद्रामआप्पाला जन्मात एकच फोटो काढायचा होता. स्वतःच्या पोरीचा, नाटकात स्टेजवर उभी असतानाचा.

पोरीचं नाव पद्मी. लहानपणी सुट्टी लागली की बापाच्या एसटीत, घंटीची दोरी तिच्याच हातात. एक टोला म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. मोठी झाली आणि नाटकात शिरली. आप्पा चिडलाबिडला नाही. उलट पहिल्याच प्रयोगाला नवा कॅमेरा गळ्यात घालून पहिल्या रांगेत जाऊन बसला, आणि तिथंच माती खाल्ली. स्टेजवर अंधुक निळा उजेड, थेटर चिडीचूप, पद्मी हळू आवाजात बोलतेय, आणि आप्पानं फाडकन फ्लॅश मारला. पोरीच्या डोळ्यांपुढं काजवे. वाक्य गेलं ते गेलंच. मागून शिट्ट्या पडल्या. आप्पाला वाटलं कौतुकाच्या आहेत, म्हणून त्यानं आणखी एक मारला.

घरी येऊन पद्मी एवढंच म्हणाली, "आप्पा, माझ्या नाटकाला येत जाऊ नका."

मग काय, आप्पा चोरून यायला लागला. तिकीट काढून, शेवटच्या रांगेत, डोक्यावर माकडटोपी. भर उन्हाळ्यातसुद्धा! दारावरचा माणूस त्याच्याकडे पाकीटमाराकडे बघावं तसा बघायचा. पडदा पडायच्या आधी आप्पा बाहेर. पद्मी नाटक कंपनीबरोबर गावोगाव फिरायची, अधूनमधून फोन करायची. "जेवलात?" "जेवलो." झालं, फोन संपला. त्यानंतर आप्पा बराच वेळ फोन हातात धरून बसायचा, जसं काही आत अजून थोडं बोलणं शिल्लक असेल.

आता तो फ्लॅश मारत नव्हता, पण फोटोत पद्मीच्या जागी नुसता धूर यायचा. आणि एक दिवस कळलं, रविवारी दुपारी ह्या नाटकाचा शेवटचा प्रयोग. तो झाला की पद्मी मुंबईला कायमची.

आप्पा पळत दस्तगीरचाचांकडे गेला. चाचांनी उभा जन्म नाटकांचे फोटो काढले होते, फ्लॅशला हात न लावता. म्हाताऱ्यानं आप्पाचे फोटो डोळ्याजवळ धरून बघितले.

"ही पोरगी आहे का बंबाचं धुराडं?"

"चाचा, चेष्टा नको. एकच फोटो पाहिजे. ती गेली की काय बघू मी?"

चाचांनी फोटो परत आप्पाच्या हातात दिले. मग म्हणाले, "रविवारी मी येतो. लेन्स पूर्ण उघडी ठेव, कोपरं पुढच्या खुर्चीच्या पाठीवर टेकव. आणि कॅमेऱ्याला मफलर गुंडाळ. खटका शेजारच्याला ऐकू आला तर मी उठून जाईन."

रविवार आला. नाटकातली बाई घर सोडून जाते तो प्रवेश सुरू झाला. पद्मी स्टेजभर धावत होती, भांडत होती, भांडी आपटत होती. सगळं थेटर ह्याच प्रवेशासाठी यायचं. आप्पानं कॅमेरा डोळ्याला लावला, आणि चाचांनी सरळ आपला पंजा लेन्सवर ठेवला.

"चाचा, हात!"

"श्श."

"अहो शेवटचा प्रयोग आहे! हात काढा!"

चाचा ढिम्म. टाळ्या कडाडल्या, विरल्या. आप्पाच्या डोळ्यांत पाणी आलं. मनातल्या मनात त्यानं म्हाताऱ्याला अशा शिव्या घातल्या, ज्या एसटी स्टँडवरसुद्धा कुणी देत नाही.

मग स्टेजवरचा उजेड उतरला. पद्मी दाराशी गेली. एक हात चौकटीवर उंच टेकवला आणि थांबली.

चाचांनी पंजा काढला. "आता. श्वास धर."

खटका आप्पालासुद्धा ऐकू आला नाही.

प्रयोग संपल्यावर दोघं थेटरच्या मागं चिंचेखाली बसले. चाचा म्हणाले, "सिद्राम, चालत्या गाडीत कधी पॅसेंजर चढवलास?"

"मेलो असतो तरी नाही."

"मग पोरीच्या मागं का पळतोस? उजेड कमी असला की कॅमेरा तो हळूहळू पितो. तेवढ्यात माणूस हललं की धूर. आधी तू तुझा उजेड तिच्या तोंडावर फेकलास, मग तिच्या मागं धावलास. अरे, तिचेही थांबे असतात. आपण आधी जाऊन अंधारात उभं राहायचं, डोळे सताड उघडे ठेवून. थांबली तर दिसेल. नाही थांबली तर समजायचं, तिला पुढं जायचं होतं."

आप्पानं कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर फोटो बघितला. रवा सांडल्यासारखा दाणेदार, निम्मा काळोख. त्यात पद्मीचा अर्धा गाल आणि वर गेलेला हात. मूठ अर्धी मिटलेली, दोरी धरल्यासारखी. आप्पा बघतच राहिला.

कंपनीची बस फाटकाकडे निघाली. खिडकीत पद्मी, तोंडावर अजून थोडा रंग.

"जा की!" चाचा म्हणाले.

आप्पा उठून रस्त्याकडेला उभा राहिला. बस जवळ आली. पत्र्यावर एक थाप मारली की कुठलीही गाडी थांबते, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक? हात वर गेलासुद्धा. पण त्या हातानं त्यानं फक्त माकडटोपी काढली आणि तसाच उभा राहिला.

बस समोरून गेली. फाटकाच्या बाहेर पडली.

आणि आतून कुणीतरी पत्र्यावर थाप मारली. एकच.

आप्पा धावला नाही. गाडी थांबली होती.