पाठमोऱ्या बायांचा पार

आंबेघोळ गावात जननीदेवीच्या पारावर नवरात्रात बायांची बैठक भरते. कुणी दोडक्यावरच्या किडीला उपाय सांगतं, कुणी करपलेलं पातेलं कसं घासायचं ते. शेवटी मात्र साऱ्याजणी बियांच्या टोपल्या मागे ठेवतात आणि एकमेकींकडे पाठ करून बसतात. नव्या पाहुण्याला वाटतं, भांडण जुंपलं. मग म्हातारी हौसाबाई त्याला जवळ बसवून गोजराबाईची गोष्ट सांगते.

गोजराबाईची लेक गोवराने अंथरुणाला खिळली, तेव्हा ती देवीला नवस बोलली म्हणे: पोर उठू दे, दर नवरात्रात माझ्या बियाच्या भोपळ्याच्या घाऱ्या तुला वाढीन. पोर उठली. वेलही असा फोफावला की परसातलं कुंपण दिसेना. पण देवीचा वाटा कमी होईल या भीतीने गोजराबाई बी कुणालाच देईना. शेजारची ठकू तर मागून मागून थकली.

एका वर्षी बी साठवताना कीड लागू नये म्हणून गोजराबाईने घाईघाईत चुलीतली राख मडक्यात भरली. राखेच्या पोटात निखारे होते. पावसाळ्यात पेरलं ते उगवलंच नाही आणि बघता बघता नवरात्र उंबऱ्याशी आलं. बाजारचा भोपळा नवसाला चालणार नव्हता. आता लेकीचं काय होईल, ही एकच धास्ती. अष्टमीला ती रिकामं ताट घेऊन पारावर रडत बसली.

तेवढ्यात ठकू आली. तिच्या डोईवर भलामोठा भोपळा होता.

"गोजराक्का, ह्यो तुझ्याच बियाचा हाय. गेल्या साली तुझी पाठ फिरली आन् म्या मूठभर उचललं. शिव्या मागनं दे, आदी घाऱ्या कर."

गोजराबाईने भोपळा पोटाशी धरला आणि रडता रडता तिला हसू फुटलं. "बरं झालं गं बाई चोरलंस," ती म्हणाली. "म्या जपलं ते जळून ग्येलं."

त्या घाऱ्या साऱ्या गावाला पुरल्या, असे सांगतात. लेक पुढे पणतवंडं बघून गेली. आणि त्या अष्टमीच्या दुसऱ्या दिवशी गोजराबाई त्याच भोपळ्याच्या बियांची टोपली घेऊन पारावर आली, ती मागे ठेवली आणि पाठ करून बसली. "न्या गं, म्या काय बघत न्हाई."

आजही बैठकीत आधी चिमूटभर राख हातोहात फिरते. ती गार आहे ना, हे प्रत्येकीने बघायचं. मग पाठी फिरतात, मागे टोपल्या खुळखुळतात, बांगड्या वाजतात, आणि हसू काही कुणाला आवरत नाही. वळून बघणारीचं बी उगवत नाही म्हणे.

एवढं सांगून हौसाबाई पाहुण्याकडे पाठ करून बसते. तिची टोपली मागेच असते.