दिवाणजींचे जोडे

एका संस्थानात पागेची नवी भिंत तिसऱ्यांदा तडकली. खालची काळी माती पावसाळ्यात फुगायची आणि उन्हाळ्यात भेगाळायची. चुन्याची भट्टी चालवणारी म्हाळसा लोणारीण दरबारात म्हणाली, "महाराज, पायाच्या मातीत चुना कालवा. ती फुगायची थांबेल."

दिवाण त्र्यंबकराव हसले. "चुना घाल नाहीतर साखर घाल, मातीला काही फरक पडत नाही. खोटी ठरलीस तर भट्टी बंद."

म्हाळसाने पंधरा दिवस मागितले. दिवाणजींच्या देखत तिने काळ्या मातीचे दोन ओटे चोपून बांधले. डाव्यात चुना कालवला, उजव्यात नाही. पंधराव्या दिवशी पखालजीने दोन्हींवर सारखं पाणी ओतलं. महाराज पाहायला आले.

म्हाळसा म्हणाली, "दिवाणजी, तुमच्या मते दोन्ही ओटे सारखेच. मग कुठल्याही एकावर उभे राहा आणि निकाल सांगा."

दिवाणजींच्या पायात नवे जरीचे जोडे होते. ते क्षणभर घुटमळले आणि डाव्या ओट्यावर चढले.

"बोला, दिवाणजी," महाराज म्हणाले.

"त्यांना कशाला त्रास, सरकार?" म्हाळसा म्हणाली. "त्यांच्या जोड्यांनी निकाल दिलाय."