विमानाचं नाक

“पण मग तो पडतो कुठे?” अवजीबुवांनी पुन्हा विचारलं.

त्र्यंबकने कपाळावर हात मारला. “कोण, बुवा?”

“तो बॉम्ब.”

“जमिनीवर पडतो! आणखी कुठे पडणार? मी विमानाचं विचारतोय.”



त्र्यंबक बुवांचा जुना शिष्य. पहिलं महायुद्ध चालू होतं. बुवांच्या मठाच्या टेकडीखालच्या माळावर तो संस्थानासाठी बॉम्ब टाकणारं विमान बांधत होता. एकावर एक असे दोन पंख, लाकडाचा सांगाडा, वर ताणून शिवलेलं कापड. रिकामं छान उडे. भार घेऊनही उडे. पण बॉम्ब सुटला की नाक वर करून असं उसळे, की चालवणाऱ्याला आवरत नसे. मागच्या खेपेला त्याचा धाकटा भाऊ मोरू मरता मरता वाचला. त्याचा मोडलेला हात आता कुठे झोळीतून सुटला होता, आणि उद्या पुन्हा त्यालाच वर जायचं होतं.

“इंजिन बदललं. शेपटी मोठी केली. पंखांच्या तारा नव्याने ताणल्या. अजून काय करू? डोकं फोडून घेऊ?”

“खाली कोण असतं?”

“अहो, खालचं सोडा हो बुवा! वर माझा भाऊ असतो!”

बुवांनी कोपऱ्यातला एक लांब बांबू आणून त्याच्यापुढे टाकला. मग अंगणातल्या एका दगडाकडे बोट केलं.

“तो या बांबूच्या पुढच्या टोकाला बांध. बांबू खांद्यावर घे.”

“आता हे कशाला?”

“घे तर.”

त्र्यंबकने चरफडत दगड बांधला. बांबू खांद्यावर घेताच पुढे झुकला. त्याने मागचं टोक दोन्ही हातांनी खाली दाबून धरलं.

“झालं समाधान? असाच उभा राहू का दिवसभर?”

बुवा त्याच्या अगदी समोर येऊन उभे राहिले... आणि विळ्याने दोरी कापली.

पुढचं टोक ताडकन वर गेलं. त्र्यंबक मागच्या मागे आपटला.

“बुवा! पाठ मोडली असती माझी! इथे माझा जीव जातोय, आणि तुम्हाला थट्टा...”

तो बोलता बोलता थांबला. बांबूकडे पाहत राहिला.

“नाकाखाली... आम्ही बॉम्ब नाकाखाली टांगलाय. मोरू सगळा वेळ दांडा ओढून नाक वर धरतो. बॉम्ब सुटला तरी त्याचे हात ओढतच असतात...”

तो धडपडत उठला.

“पंखांच्या मधोमध टांगायला हवा! मग राहिला काय अन् सुटला काय, विमानाला सारखंच! बुवा, वाचला माझा मोरू!”

अंगावरची धूळही न झटकता तो पायवाटेकडे वळला.

“त्र्यंबका...”

“आता नको, बुवा! उजेड आहे तोवर सगळं बदलून घ्यायचंय.”

“जा, बाळ. पण जाता जाता माझ्या पायावरचा दगड तेवढा उचल.”