कासारणीची साखरी

नदीकाठच्या एका गावात सुगंधा नावाची कासारीण राहत होती. कासाराच्या घरात अशुभ शब्द उंबरा ओलांडत नाही. तिथे बांगडी फुटत नाही, वाढते. डब्यातले तांदूळ संपत नाहीत, तेही वाढतात. घर रिकामं झालं तरी तोंडाने भरभराटच. आणि तिथून कुणी जात नाही. जो तो "येतो" म्हणूनच बाहेर पडतो.

बांगड्यांच्या पेंढ्यात उंदरांनी संसार थाटला, म्हणून सुगंधाने पांजरपोळातून एक मांजरी आणली. रानात वाढलेली, कान फाटलेली. मांजर वाघाची मावशी म्हणतात. ही त्याची सासू असावी. पांजरपोळातल्या माणसांनी तिला धरलं होतं ते "ये, ये" असं गोड बोलत, पाठीमागे गोणपाट लपवून. सुगंधाने तिचं नाव ठेवलं साखरी.

साखरी घरात आली ती थेट फडताळामागे शिरली. पळून जाईल या धास्तीने सुगंधाने खिडक्या लावल्या, मोरीच्या भोकात बोळा कोंबला. गिऱ्हाइकालाही आत घेईना. दाराच्या फटीतून बाईचा हात आत, बाई बाहेर, अशा बांगड्या भरल्या जाऊ लागल्या. उरलेला वेळ ती फडताळापुढे बसून एकच जप करी, "ये गं साखरे, ये." ती जितकी माया लावी, तितकी साखरी भिंतीला चिकटे. दूध नासलं, भाकरी वाळली. साखरी तोंड लावेना. तिच्या बरगड्या दिसू लागल्या, आणि सुगंधाच्याही घशाखाली घास उतरेना.

नवरा भिकोबा म्हणाला, की बाजाराच्या दिवशी हिला परत पांजरपोळात पोचवू. मुक्या जिवाचं काही बरंवाईट झालं, तर ते पाप कुठे फेडायचं?

बाजाराच्या दिवशी त्याने गोणपाट हातात घेतलं, फडताळापाशी वाकला आणि लाडाने म्हणाला, "ये, ये." आतून अशी फिस्कारी आली, की फळीवरच्या बांगड्या आपसात किणकिणल्या. सुगंधाच्या काळजात लख्खकन उजेड पडला. आपण रात्रंदिवस हिला गोणपाटच तर दाखवत होतो.

तिने ते नवऱ्याच्या हातून हिसकावलं आणि दार सताड उघडलं. गल्लीत कुत्री होती, पलीकडे रान. जन्मात कुणाला न म्हटलेला शब्द जिभेवर येईना. शेवटी डोळे मिटून ती म्हणाली, "जा गं."

भिकोबा मटकन खाली बसला. "अगं, घरच्याला असं म्हणतात का?"

"घरची आहे का, ते तिला ठरवू दे."

साखरी बाणासारखी सुटली.

मग दिवस ढळेना. पाटलाच्या भिंतीमागे कुत्री भुंकली, की सुगंधा दारापर्यंत जाऊन येई. शेजारची अनसूयाबाई बांगड्या भरायला आली आणि सांगू लागली, की कुत्र्यांनी मघाशी काहीतरी पिटाळलं, मांजर होतं की ससा, देव जाणे. सुगंधाने तिला तिच्या सुनेच्या मापाच्या बांगड्या चढवल्या. अनसूयाबाईची बोटं जांभळी झाली, तेव्हा कुठे दोघींच्या लक्षात आलं.

उन्हं कलली. उंबऱ्यावर एक फाटका कान दिसला, मागोमाग अख्खी साखरी. अंगाला गोखरू चिकटलेले, एक पाय जरा उचललेला. सुगंधाच्या ओठांवर "ये" आलं होतं. तिने ते गिळलं. ती पाठ फिरवून बांगड्या निवडत बसली. हातात लाल, हिरव्या कुठल्या येत होत्या, तिला काही दिसत नव्हतं.

मागून दुधाच्या वाटीत लपलप ऐकू आली. तिने वळून पाहिलं नाही, आणि दारही लावलं नाही.

तात्पर्य: गोड बोलून कुणाला कोंडता येतं, आपलंसं करता येत नाही. ज्याला जायची मुभा असते, त्याचंच येणं खरं.